धवलारणीची सुट्टी

हिंगोलीला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "समुद्र बघितला का?"

नाही बघितला. चांगला पंधरवडाभर पनवेल-उरणच्या पट्ट्यात राहून मी समुद्र न बघता परत आले. समुद्राऐवजी डबे बघितले. मालाचे लोखंडी डबे, लाल, निळे, हिरवे, एकावर एक रचलेले, घरांपेक्षा उंच. तिकडे त्यांना कंटेनर म्हणतात आणि जिथे ते ठेवतात त्या अवाढव्य अंगणाला यार्ड. शेजारच्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन डबेच बघायचे होते तर नांदेडचं स्टेशन काय वाईट होतं?" त्यांना काय सांगायचं? म्हणून हे लिहायला बसले.

गेले होते लग्नाला. अश्विनी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण आणि मेव्हणे लवकर गेले, तेव्हापासून ती माझ्याकडेच वाढली. मला मूलबाळ नाही, नवरा तिशीतच गेला. अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून गावोगाव हिंडताना ही पोर माझ्या मागे एसटीत झोपलेली असायची. पुढे ती नर्स झाली, पनवेलला नोकरीला लागली आणि तिथल्याच नीलेश नावाच्या मुलाशी लग्न ठरवून तिने मला फोन केला. ठरवून, बरं का. विचारून नाही.

नवीन पनवेल

अश्विनीची भाड्याची खोली नवीन पनवेलला. हे गाव सरकारने पट्टीने आखून वसवलेलं. आमच्याकडे गल्लीला नाव असतं, इथे सेक्टरला नंबर. इमारती सगळ्या एका साच्यातल्या, पिवळट रंगाच्या. पहिल्याच सकाळी मी कोथिंबीर आणायला खाली उतरले आणि परत येताना ऐटीत तिसरा मजला चढून बेल वाजवली. दार उघडलं ते एका अनोळखी बाईने. मी म्हटलं, "तुम्ही कोण?" ती म्हणाली, "मी इथे राहते, तुम्ही कोण?" शेवटी कळलं, इमारतच चुकली होती. बाई सोलापूरकडची निघाली. तिने पाणी दिलं, चहा दिला, माझ्या कोथिंबिरीची किंमत विचारून "तुम्हाला फसवलं" असंही सांगितलं. मग खाली येऊन मला बरोबर इमारतीच्या जिन्यात सोडून गेली.

"तुझी सासू काय करते?" मी अश्विनीला विचारलं.

"यार्डात आहे. हाउसकीपिंगला."

मला वाटलं, काहीतरी ऑफिसातलं काम असेल. अश्विनीने अधिक सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

जासई

नीलेशचं गाव जासई. पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना यार्डंच यार्डं, आणि रस्त्यावर ट्रेलरांची रांग. आमची रिक्षा त्यांच्या चाकांच्या उंचीची. एका ट्रेलरने भोंगा वाजवला तेव्हा मी सगळ्या कुलदैवतांना एका दमात हाक मारली.

घर बघून मात्र मी चाट पडले. दुमजली बंगला, पुढे खांब, वर गच्ची, वरच्या मजल्यावर पांढऱ्या संगमरवरी फरशीचा भला मोठा हॉल. हॉलमध्ये एक खुर्चीसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, पोरगी मोठ्या घरी पडली. तेवढ्यात विहीणबाई आल्या. मंजुळाबाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वरून केशरी जाकीट, हातात लांब दांड्याचा झाडू.

"या इनबाय! ऊन लागला आसंल. आदी पानी पिया, मंग बोलू," असं म्हणत त्यांनी झाडू संगमरवराच्या खांबाला टेकवला.

हाउसकीपिंग म्हणजे हे. बंगल्याची मालकीण ठेकेदाराकडे रोजाने यार्ड झाडायला जाते. मी एकदा झाडूकडे, एकदा खांबाकडे बघत राहिले. ते मंजुळाबाईंना दिसलं असावं. त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि बोट दाखवलं.

"तो निला डबा दिसतो ना, त्याचे मागं आमचा शेत व्हता. भाताचा. त्याचे पल्याड मिठागर."

"कुठला निळा?"

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "आज हलवला वाटतं. काल तितंच व्हता."

मग हसत सुटल्या, आणि मीही. बंदरासाठी जमीन गेली, तिचा पैसा आला. पैशातून घर झालं, गाडी घेतली, गाडी विकली. "घर इकवत नाय म्हनून र्‍हायला," असं त्या सहज सांगून गेल्या. नोकरीचं आश्वासन होतं. नीलेशला शिक्षणामुळे एका गोदामाच्या ऑफिसात जागा मिळाली, बाकीच्यांच्या वाट्याला झाडू आला. तोही कायमचा नाही, कंत्राटाचा. ज्या मातीत या बायकांनी भात लावला, तिच्यावर आता काँक्रीट आहे आणि ते काँक्रीट त्याच झाडतात. आयुष्यभर मी सरकारी नोकरीत राहून 'विकास' हा शब्द कागदावर लिहीत आले. त्या गच्चीवर तो शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडला नसता.

जेवायला जिताडा होता. मी मासे खाणारी नव्हे, पण विहिणीने स्वतःच्या हाताने वाढलेल्या ताटाला नाही कसं म्हणायचं? तांदळाची भाकरी मऊ, पांढरीशुभ्र. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे मला ती आजाऱ्याचं खाणं वाटली होती. रश्शात बुडवल्यावर मत बदललं. काटा मात्र घशात अडकलाच, आणि सोयरिकीच्या पहिल्याच भेटीत विहीणबाईंनी माझ्या पाठीत दणके घातले.

हळद

आमच्याकडे लग्न म्हटलं की भटजी, मंगलाष्टका, अक्षता. बंगल्यापुढच्या मांडवात मी भटजी शोधत होते. "भटजी उद्या थोडा वेळ येतील," नीलेश म्हणाला. "खरं लग्न धवलारीण लावते."

धवलारीण म्हणजे लग्नात धवळे गाणारी बाई. या आगरी लोकांत देवाला बोलावण्यापासून नवरीला हळद लावण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट तिच्या गाण्यावर चालते. ती गायल्याशिवाय कोणी हळदीच्या वाटीला हात लावत नाही. जासईपासून पार पनवेलच्या पलीकडच्या गावांपर्यंत कुठेही लग्न असो, बोलावणं ताराबाईंना. बुटक्या, काळ्यासावळ्या, कपाळ मोकळं, आवाज भरदार. आल्या त्या सरळ पाटाशी बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या. कलश इकडे, दिवा तिकडे, पोरांनो स्पीकर बंद करा. आणि स्पीकर खरंच बंद झाला! मोठमोठ्या पुढाऱ्यांना जमत नाही ते.

धवळ्यात घरातल्या माणसांची नावं घेतात. नवऱ्याकडची नावं झाली आणि ताराबाई थांबल्या.

"नवरीला वाडवली कोनी?"

अश्विनीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी मागे, खांबापाशी उभी होते. विधवा बाईने हळदीकुंकवात पुढे जायचं नाही, हे मला कोणी सांगावं लागत नाही. इतक्या वर्षांत पाय आपोआप मागे थांबतात.

"मंग ती मागं कशाला? ये गो बाय. वाडवली तिनं आनि पयली हलद दुसरी लावंल?"

मी गेले. माझं नाव विचारून त्यांनी ते गाण्यात गुंफलं, आणि मी माझ्या पोरीच्या गालाला सगळ्यांआधी हळद लावली. तेव्हा मी किती रडले ते सांगत नाही. अश्विनीने नंतर फोटो दाखवले, त्यात माझं नाक कुंकवापेक्षा लाल आहे. ताराबाईंचं ते ऋण माझ्यावर आहे आणि राहील.

हळद आणि लग्न मिळून दोन दिवस त्या मांडवातून हलल्या नाहीत. मंजुळाबाई सोयऱ्यांना वाढता वाढता मध्येच झाडू घेऊन यार्डात पळत होत्या आणि परत येत होत्या. घरचं लग्न सोडून ही कामाला का जाते, हे मला तेव्हा कळलं नाही.

खाडा

कळलं ते लग्नानंतर. मी अश्विनीला भेटायला जासईला गेले तर ओटीवर ताराबाई बसलेल्या. शेजारी केशरी जाकिटातल्या चार-पाच जणी.

ताराबाई याच बायकांबरोबर यार्ड झाडतात हे मला त्या दिवशी समजलं. सकाळी गेटवर ठेकेदाराच्या सुपरवायझरने त्यांना आत घेतलं नाही. हजेरीच्या अंगठ्याच्या यंत्रात त्यांचे दोन दिवसांचे खाडे दिसत होते. आधीच्या लग्नांचेही खाडे होतेच. आता नवं कंत्राट होणार, त्यात खाडेवाल्यांना जागा नाही.

"पन खाडा झाला कवा?" मंजुळाबाई मला विचारत होत्या, जणू ते यंत्र मीच बसवलंय. "तिचा भाग आमी झाडला. मी झाडला, हिनं झाडला. काम झाला ना? मंग खाडा कसा?"

मी विचारलं, "सुपरवायझरला आधी सांगितलं होतं?"

"काय सांगाचा? काम र्‍हायला आसता तर सांगितला आसता."

तेव्हा उलगडा झाला. या लोकांत भातलावणीला सावड असते. आज माझ्या शेतात सगळ्यांनी लावणी करायची, उद्या तुझ्या. मजुरी नाही, हिशेब नाही. एखादी बाळंत झाली, कोणाच्या घरी लग्न निघालं, तर बाकीच्या तिचं शेत लावून मोकळ्या. आमच्याकडे यालाच इर्जिक म्हणतात. शेतात कोण आलं नाही हे कोणी विचारत नाही, लावणी झाली का एवढंच बघतात. शेतं गेली, काँक्रीट आलं, पण यांची सावड तशीच चालू राहिली. ताराबाई कुठे गायला गेल्या की बाकीच्या त्यांचा पट्टा झाडून टाकायच्या. मंजुळाबाई मुलाच्या लग्नातून उठून गेल्या होत्या त्या याचसाठी. यंत्राला कामाशी देणंघेणं नाही, त्याला अंगठा हवा, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ताराबाई एवढंच म्हणाल्या, "माजा आता कसा व्हईल, बाय?" घरात म्हातारी सासू. गाण्याची बिदागी म्हणजे लुगडं, नारळ आणि तांदूळ. चूल पेटते ती झाडूवर. आणि तो झाडू गेला कशामुळे? माझ्या पोरीच्या लग्नामुळे. माझं डोकं फिरलं.

मी पदर खोचला आणि मंजुळाबाईंना घेऊन यार्डाचं ऑफिस गाठलं. सुपरवायझर तिशीतला, केस विंचरलेला, शांत पोरगा. मी त्याला किमान वेतन सांगितलं, साप्ताहिक सुट्टी सांगितली. अंगणवाडीच्या बायकांना पगाराऐवजी 'मानधन' म्हणत सरकारने कसं फसवलं तेही सांगितलं, ज्याचा इथे काही संबंध नव्हता. त्याने चहा मागवला. माझं संपल्यावर म्हणाला, "मॅडम, यार्ड स्वच्छ होतं हे मला माहीत आहे. पण सिस्टिमला खाडा दिसतो. ऑर्डर वरून आलीय. आणि खरं सांगू? मीपण कंत्राटावरच आहे. माझं पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे."

आता याच्यावर ओरडायचं कसं? चहा चांगला होता, तो पिऊन मी परत आले.

गेट

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या गेटवर. ताराबाई डबा बांधून नेहमीसारख्या आल्या होत्या आणि भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. बाकीच्या आत जाईनात, बाहेरही निघेनात. कोणाचंच पोट रिकामं ठेवून चालणार नव्हतं, आणि ताराबाईंना सोडून आत जायला पायही उचलत नव्हता.

एवढ्यात एक टेम्पो आला. कालचं भांडण कानावर गेल्यामुळे ठेकेदाराने कोनकडून बायका आणल्या होत्या, या सगळ्यांच्या जागी. कोन म्हणजे पनवेलच्या पलीकडे, एक्स्प्रेस वेच्या तोंडाशी. त्यांनाही काम हवंच होतं, नाहीतर सकाळी उठून टेम्पोत कोण बसतं? मनात आलं, संपलं सगळं.

पहिली बाई उतरली आणि थबकली.

"ताराबाय? तू इतं काय करतंस?"

"माजी जागा भराला तुमाला आनलाय," ताराबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

टेम्पोतून एक तरुण मुलगी उतरली, हातात चुडा अजून नवा. ती सरळ ताराबाईंसमोर उकिडवी बसली. "मावशे, माजी हलद तूच गायलीस ना? माजे आयशीची बी तूच." मग मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "मी नाय जात आत."

दुसरी म्हणाली, "मीबी नाय." तिसरी सरळ भिंतीच्या सावलीत येऊन बसली. टेम्पोवाला विचारू लागला, "मग माझं भाडं?" त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बघता बघता भिंतीला टेकून दोन गावांच्या बायका बसल्या, आणि जासईवाल्यांनी डबे उघडून कोनवाल्यांना सुकट आणि भाकरी वाढली.

आत नेमका मालाचा एक डबा उघडताना मसुराची पोती फुटली होती. लाल मसूर सगळ्या अंगणभर. त्यावरून ट्रेलर नेला तर चाक घसरायचं. बाहेर रांग लागली, भोंगे सुरू झाले. उन्हं तापेपर्यंत यार्डाचे मोठे साहेब गाडीतून उतरले.

"प्रॉब्लेम काय आहे? डिमांड काय तुमची?"

डिमांडचा विचार कोणी केलाच नव्हता. मंजुळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझी जीभ वळवळत होती, पण कालच्या भाषणाची गत आठवून मी तोंड मिटलं. मग त्याच बोलल्या, "ताराबाय आत. आनि जी रजेवर जाईल तिचा काम आमी करू, खाडा धराचा नाय."

"आनि हप्त्याला येक सुट्टी. पगारी," ही चुडेवाली. तिचा या यार्डाशी काडीचा संबंध नव्हता!

साहेब म्हणाले, "अहो, ती सुट्टी तर कायद्यातच आहे."

"मग इतके दिवस कायदा कोणत्या डब्यात बंद होता?" हे मात्र मी बोललेच. क्षमा असावी.

साहेबांनी रुमालाने मान पुसली, रांगेकडे बघितलं, सुपरवायझरशी बाजूला जाऊन बोलले. "ठीक आहे, करू," म्हणाले.

"करू नाय. आता सांगा," मंजुळाबाई म्हणाल्या.

साहेबांनी तिथेच, सगळ्यांसमोर, तिन्ही गोष्टी मान्य केल्या. आलेल्या बायकांची त्या दिवसाची मजुरी आणि टेम्पोचं भाडंही ठेकेदाराच्या माथी आलं. ताराबाई उठल्या, यंत्रापाशी गेल्या, अंगठा ठेवला. यंत्र लाल. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. दोन दिवस हळदीत बुडालेला अंगठा तो! सुपरवायझरने स्वतःच्या रुमालाने आधी त्यांचा अंगठा पुसला, मग काच पुसली. हिरवा दिवा लागला. सुटले बाई! माझ्या पोरीच्या संसाराची सुरुवात कोणाच्या उपाशी पोटावर झाली नाही.

त्या पोरग्याचा पिवळा रुमाल बघून त्याच्या रिन्यूअलचीही मला काळजी वाटली, हे कबूल करते.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली. गेटच्या आत माल चढवणारी ओडिशाकडची माणसं उभी राहून हे सगळं बघत होती. उद्या त्यांच्यातल्या एकाला काढलं तर टेम्पोतून उतरणारा कोण म्हणणार, मी आत जात नाही? त्यांची हळद इथे कोणी गायलेली नाही. ज्याचं गावात कोणी नाही, त्याच्यासाठीच तर कायदा हवा. तो लग्नाच्या गाण्यावर अवलंबून ठेवून कसं चालेल? मी हे मंजुळाबाईंना बोलून दाखवलं. त्यांनी त्या माणसांकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "खरा हाय. त्यांनाबी सुट्टी नाय." परवा त्यांचा फोन आला होता. माल चढवणाऱ्यांच्या सुट्टीसाठी या बायकांनी साहेबांची पुन्हा वाट अडवली म्हणे. अजून काही झालेलं नाही.

निघताना

हिंगोलीला निघायच्या दिवशी मी शेवटचं जासईला गेले. तो नेमका ताराबाईंच्या पहिल्या पगारी सुट्टीचा दिवस. त्या सकाळीच मंजुळाबाईंच्या घरी येऊन बसल्या होत्या. लग्न नाही, लावणी नाही, झाडू नाही. असा दिवस त्यांनी कधी बघितलाच नव्हता. उगाच उठायच्या, अश्विनीच्या हातातलं भांडं घ्यायच्या. मंजुळाबाई ओरडल्या, "बस गो!" की पुन्हा बसायच्या.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "ताराबाई, मी चालले. जाता जाता एक धवळा ऐकवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मंजुळाबाईंकडे. तोंडाला पदर लावून हसल्या.

"आज नाय, बाय. आज सुट्टी हाय."

आणि जिना चढून वरच्या हॉलमध्ये गेल्या. थोड्या वेळाने मी निरोप घ्यायला वर गेले, तर त्या मोकळ्या हॉलच्या मधोमध, थंडगार संगमरवरावर, हाताची उशी करून ताराबाई गाढ झोपल्या होत्या. बाहेर ट्रेलरांचे भोंगे चालू होते. मी जिन्याशी काढलेल्या चपला हातात घेतल्या आणि न उठवता खाली आले.